चेंडू दाखवू नकोस

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या एका भारतीय शाळेच्या बसमध्ये मुलं चढायला लागली, की बदरुन्निसा त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघते. पायरीवर पाय आपटत चढणारा घरून भांडून आलेला असतो. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून चढणाऱ्याच्या अंगात कणकण असते. आणि एक जात असते बुटाची नाडी बांधणाऱ्यांची. ही मुलं बसमध्ये शिरली की लगेच खाली वाकतात आणि बांधलेलीच नाडी सोडून पुन्हा बांधत राहतात, सगळे आपापल्या जागी बसेपर्यंत. त्यांच्या शेजारी बसायला कुणी नसतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून नाडीचं निमित्त. बदरुन्निसा हे शिकायला कुठल्या वर्गात गेली नव्हती. बसमधल्या बाईला इथे नॅनी म्हणतात आणि नॅनीचं काम मुलांना चढवायचं, उतरवायचं आणि पट्टे लावायचं, एवढंच. ड्रायव्हर पठाण आहे, तो आरशातून बघतो आणि सगळे बसले की यल्ला म्हणून गाडी काढतो. बाकीचं तिला आपोआप दिसतं, आणि एकदा दिसायला लागलेलं बंद करता येत नाही, हा तिचा जुना त्रास आहे.

ती दाभोळकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला वाटलं होतं की समुद्र तोच आहे, तेव्हा फार काही बदलणार नाही. समुद्र तोच होता. डोंगर मात्र बोडके होते, एक झाड म्हणून नव्हतं त्यांच्यावर, आणि पहिली दोन वर्षं ती त्या डोंगरांवर मनातल्या मनात रागावून होती. मग रुहान झाला आणि राग करायला वेळ उरला नाही.

नवरा नूरुद्दीन बंदरात सिग्नलमन. क्रेनवाला वर आभाळात, कंटेनर मध्ये लोंबकळणारा आणि खाली डोक्यावर पिवळी टोपी घालून नूरुद्दीन. वाऱ्यात आणि इंजिनांच्या गोंगाटात हाक पोचत नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी. कोपर कुठे वाकवायचं, तळवा कुठे उघडायचा, बोट कुठे फिरवायचं, सगळं ठरलेलं. आयुष्यभर हातांनी बोलून त्याच्या तोंडाला बोलायचा कंटाळा आला असावा, कारण घरी तो फारसा बोलत नाही. रुहान लहानपणी गॅलरीत उभा राहून बापासारखे हात करायचा आणि रस्त्यावरच्या गाड्या उतरवून घ्यायचा. बिल्डिंगमधले लोक हसायचे. कोपर बरोबर वाकलंय का, तेवढं नूरुद्दीन बघायचा.

हे हात अमेरिकेत कामाला येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. रुहान तिकडच्या एका लहान गावातल्या कॉलेजात शिकायला गेला. अर्धी फी माफ होती आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याने कॉलेजच्या फुटबॉल टीमकडे काम धरलं, पाण्याच्या बाटल्या भरायचं आणि टॉवेल धुवायचं. तिकडचं फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा खेळ, आणि त्याला हे नाव का दिलं ते त्यांचं त्यांना माहीत. एकदा सामानाचा ट्रक मागे घ्यायचा होता, तेव्हा रुहान मागे उभा राहिला आणि त्याने बापाच्या हातांनी तो ट्रक भिंतीला हात लागेल इतका अचूक लावून दिला. कोच बघत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी त्याला मैदानाच्या कडेला इशारे करायला उभं केलं आणि त्याची उरलेली फी त्या कामात वळती झाली.

त्याने फोनवर अम्मीला सगळं समजावलं होतं. मैदानात हजारो माणसं बोंबलत असतात, कोचचं बोलणं खेळाडूंपर्यंत पोचत नाही, म्हणून पुढची चाल इशाऱ्यांनी सांगायची. कडेला एकसारख्या टोप्या घातलेली तीन पोरं उभी राहतात आणि तिघंही हात हलवतात. त्यातला एकच खरा असतो, बाकीचे दोघे समोरच्यांना फसवायला. समोरचे लोक खरा कोण ते ओळखायची धडपड करतात. मॅच चालू असताना डोळ्यांनी बघून ओळखलं तर त्याला कुणाची हरकत नाही. पण पुढे ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या मॅचला आधीच आपला माणूस पाठवायचा आणि इशाऱ्यांचं शूटिंग करून आणायचं, ही मात्र चोरी. त्यासाठी तिकडे मोठमोठ्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. बदरुन्निसाने यातलं अर्धंच ऐकलं. तिच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की रुहान मैदानाच्या कडेला उभा असतो आणि मॅच टीव्हीवर लागते.

मग शनिवार तिचा झाला. तिकडे दुपारी मॅच, ती इथे रात्रीच्या जेवणाच्या वेळी. नूरुद्दीन लॅपटॉप टीव्हीला जोडून द्यायचा आणि ती पुढ्यात वेताचा मोडा ओढून बसायची. पण टीव्हीवाले दाखवतात चेंडू. चेंडू इकडे गेला की कॅमेरा इकडे, तिकडे गेला की तिकडे. कधीतरी चेंडू कडेला जायचा आणि कोपऱ्यात तीन टोप्या दिसायच्या, निमिषभर, की लगेच पुन्हा चेंडू. "थांब की मेल्या," ती कॅमेरावाल्याला सांगायची. तो कुठला ऐकतोय. असा सगळा खेळ संपायचा आणि तिच्या पदरात रुहानची एक बाही, एखादा खांदा, फार तर पाठ पडायची.

व्हिडिओ कॉल व्हायचे, नाही असं नाही. पण फोनवर माणूस तयार होऊन येतो. रुहान केस नीट करून, भिंत स्वच्छ असेल अशा जागी बसून फोन लावायचा. जेवलास का विचारलं की "ऑल गुड, अम्मी." झोप होते का? "ऑल गुड." मित्र आहेत का? "लॉट्स, अम्मी." हसायचा, आणि हसू पुरेसं झालं की फोन ठेवायचा. हे हसू बसमध्ये चढणाऱ्या पोराचं असतं तर तिने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला असता. कपाळ हजारो मैलांवर होतं आणि तिला फक्त चेहरा दिसत होता. तो चालतो कसा, उभा कसा राहतो, कुणी बघत नसताना त्याचे हात कुठे असतात, हे तिला बघायचं होतं. घार हिंडते आकाशी वगैरे म्हणायला ठीक आहे, पण इथे घार घरात बसली होती आणि पिल्लू आकाशात होतं.

वरच्या मजल्यावर प्रमिला राहते, पुण्याची, एका शिपिंग एजन्सीत अकाउंट्स बघते. तिची मुग्धा आणि रुहान एकाच जिन्यावर गुडघे फोडत मोठे झाले. मुग्धा इंजिनिअरिंग करायला अमेरिकेतच गेली, रुहानच्या शेजारच्या राज्यात, बसने पाच तासांवर. आता आखातात राहणाऱ्यांची एक रीत आहे. कुणी कुठेही निघालं की शेजारी पिशवी घेऊन दारात उभे. मुंबईला जातोयस ना, मग रत्नागिरीला एवढं पोचव. एकाच देशात आहे म्हणजे जवळच असणार, हा हिशोब. सुट्टीहून परत जाताना मुग्धाच्या बॅगेत बदरुन्निसाने खजूर आणि नारळाच्या वड्या कोंबल्या, आणि मुग्धाने पाच तास बसचे धक्के खाऊन त्या रुहानला नेऊन दिल्या. मॅचच्याच दिवशी गेली होती. परत आल्यावर तिने कळवलं, की तो बरा आहे आणि वड्या तिच्यासमोरच खाल्ल्या.

बदरुन्निसाला ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही, पण त्या दिवशी तिनेही आधी हवा कशी आहे, थंडी पडली का, अभ्यास कसा चाललाय, असं सगळं विचारून घेतलं. मग व्हॉइस मेसेज पाठवला.

"बेटा, एवढी जातेस तर मोबाइलवर त्याचं शूटिंग करून पाठवशील? चेंडू दाखवू नकोस, चेंडू मी टीव्हीवर बघते. तू फक्त रुहान दाखव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि त्याला सांगू नकोस हां, नाहीतर छाती काढून उभा राहील."

मुग्धा गुणी पोर. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि कळून घ्यायचीही हौस नव्हती. ती लागोपाठ तीन मॅचना गेली, रुहानच्या बरोबर समोर येईल अशी जागा तिकीट काढून घेतली, आणि मोबाइल गुडघ्यावर टेकवून फक्त कडेच्या त्या पोरांचं शूटिंग करत राहिली. एका चौकटीत रुहानचे हात आणि त्याच्या मागे लगेच होणारी चाल, दोन्ही स्वच्छ. एखाद्या मुरलेल्या हेराला पैसे देऊनही इतकं चोख काम करून घेता आलं नसतं. आणि मुग्धाच्या कॉलेजची टीम पुढच्याच महिन्यात रुहानच्या टीमशी खेळणार होती. हे तिला माहीत नव्हतं, कारण तिने कधी बघितलंच नव्हतं.

इकडे खोर फक्कानला ईद आल्यासारखं झालं. नमाज झाली की नवरा-बायको टीव्हीपुढे. पहिल्यांदा लावलं तेव्हा नूरुद्दीन मोड्यावरून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला. पाय रोवून उभा राहिलेला, कोपर घट्ट, तळवा सरळ. बराच वेळ बघून तो एवढंच बोलला, "हात माझेच आहेत." मग चष्मा पुसत बसला.

बदरुन्निसा हात बघत नव्हती. इशारा संपल्यावर रुहान काय करतो ते ती बघत होती. वारा सुटला की तो उजवा हात डाव्या बाहीत घालतो, लहानपणापासूनची खोड. उभा राहून कंटाळला की डाव्या पायावर भार देतो. इथवर ती सुखात होती. पण मग तिला दुसरंच काही दिसलं. आपल्या टीमने गुण केला की कडेचे सगळे एकमेकांवर तुटून पडतात, मिठ्या मारतात, पाठी बडवतात. आणि बरोबर त्याच वेळी रुहान खाली वाकतो आणि पाण्याच्या बाटल्या उचलायला लागतो. पहिल्यांदा तिला वाटलं, कामच असेल. दुसऱ्या मॅचला तिने नीट बघितलं, बाटल्या भरलेल्या होत्या. भरलेल्या बाटल्या एका खोक्यातून काढून तो दुसऱ्या खोक्यात ठेवत होता, सगळ्यांच्या मिठ्या मारून होईपर्यंत. तिसऱ्या मॅचला गुण झाला आणि तो वाकायच्या आधीच तिने डोळे मिटून घेतले.

त्या रात्री ती जेवली नाही. नूरुद्दीनने कारण विचारलं तर पित्त झालंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोनवर रुहानला विचारलं, तर "ऑल गुड, अम्मी."

तिसऱ्या मॅचलाच ते घडलं होतं. मुग्धाच्या मागच्या रांगेत एक म्हातारा चाहता बसला होता. सगळं मैदान चेंडूकडे बघतंय आणि एक मुलगी भलतीकडेच मोबाइल लावून बसली आहे, हे त्याच्या डोळ्यांत खुपलं. त्याने जाऊन सांगितलं. मॅच संपली, मुग्धाने शूटिंग इकडे पाठवलं आणि तेवढ्यात सिक्युरिटीवाले आले. तिचं कार्ड बघितलं, तर ते पुढच्या महिन्यातल्या विरोधी कॉलेजचं. मोबाइल बघितला, तर तीन मॅचचं शूटिंग आणि त्यात चेंडू औषधालासुद्धा नाही. ती रडत सांगायला लागली की हे एका आंटीसाठी आहे, दुबईच्या पलीकडे राहणाऱ्या. आता कोण विश्वास ठेवणार? दोन दिवसांत रुहानला चौकशीला बोलावलं. ही मुलगी तुझी कोण? लहानपणची मैत्रीण. ती आली होती हे तुला ठाऊक होतं? एकदा, वड्या द्यायला. शूटिंगचं? नाही. नाही तर नाही, पण हा "नाही" त्यांच्या दृष्टीने फार हलका होता. खरा कोण आणि खोटा कोण हे सांगणारा आतलाच माणूस फुटला असेल, तर तो बाहेरच्या दहांपेक्षा वाईट.

रुहानचं काम गेलं तर फी गेली, आणि फी गेली तर पुढच्या सत्रात कॉलेज गेलं. शिवाय चोर म्हणून नाव. मुग्धाच्या व्हिसावरही बालंट येऊ शकेल, असं तिच्या कॉलेजातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं. प्रमिला जिना उतरून खाली आली तेव्हा तिच्या हातात ऑफिसची पर्स तशीच होती.

"भाभी, तुम्ही मला तरी विचारायचं होतं. माझ्या मुलीला तुम्ही कशात घातलंत, तुम्हाला कल्पना तरी आहे?"

करायला गेली एक आणि झालं भलतंच. बदरुन्निसा माफ करा म्हणाली, पुन्हा म्हणाली, आणि प्रमिला बसायला सांगूनही न बसता वर निघून गेली. एका बिल्डिंगमध्ये राहून दोन्ही घरांनी आठवडाभर एकमेकांची दारं ऐकली, बोललं कुणीच नाही.

त्या आठवड्यात बसमध्ये मुलं चढवताना एकदा बदरुन्निसाच्या मनात आलं, काढलं तर काढलं. घरी येईल. त्याच्या खोलीत त्याची उशी आहेच, बंदरात कुठेतरी चिकटेल, रात्री बापलेक गॅलरीत उभे राहतील. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं, की एक मूल पट्टा न लावताच बसून राहिलं. मग तिची तिलाच लाज वाटली. पोराचं नुकसान व्हावं आणि ते आपल्याला गोड लागावं, अशी कशी ही आई? तिने पट्टा लावला आणि दिवसभर अल्लाची माफी मागत राहिली.

रुहानच्या कॉलेजने कळवलं, की ज्या बाईसाठी शूटिंग केलं असं म्हणतात तिच्याशी बोलायचं आहे. तिकडची सकाळ, इथली संध्याकाळ. बदरुन्निसाचं इंग्रजी बसपुरतं, सीट डाऊन आणि नो फायटिंग एवढंच. नूरुद्दीनचं बंदरापुरतं. दुभाषा कोण आणायचा याचा विचार चालला होता तोच दार वाजलं. प्रमिला उभी होती. मुग्धासाठी आलेय, ती म्हणाली आणि आत येऊन लॅपटॉपसमोर बसली.

पडद्यावर लाल चष्म्याची एक बाई होती. खाली एका चौकटीत मुग्धा, दुसऱ्या चौकटीत रुहान. भिंत स्वच्छ नव्हती, केस विस्कटलेले होते. चौकशी होईपर्यंत त्या दोघांनी मधे बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. बाईंनी शांतपणे, सभ्यपणे विचारायला सुरुवात केली. शूटिंग करायला कुणी सांगितलं? मी सांगितलं, पोरीची यात काडीची चूक नाही. रुहानला माहीत होतं? नाही, मीच सांगू नकोस म्हटलं होतं. ते आणखी कुणाला पाठवलं? कुणाला नाही, टीव्हीवर आम्ही दोघंच बघतो. प्रमिला एकेक वाक्य इंग्रजीत करून देत होती, अकाउंटमधले आकडे वाचून दाखवावेत तशा आवाजात.

मग बाईंनी विचारलं, की इतके तास तुम्ही हे बघितलंत, तर त्यातून तुम्हाला काय कळलं?

बदरुन्निसाने रुहानच्या चौकटीकडे बघितलं. त्याच्यासमोर हे बोलायचं नव्हतं. पण खरं सांगितल्याशिवाय सुटका नव्हती, त्याचीही आणि मुग्धाचीही.

"गुण झाला की सगळे मिठ्या मारतात," ती म्हणाली, "आणि माझा मुलगा बाटल्या उचलतो. भरलेल्या असल्या तरी उचलतो. आमच्या बसमध्ये ज्या मुलाला शेजारी कुणी नसतं ना, ते असंच नाडी बांधत बसतं, बांधलेलीच नाडी. मला एवढंच कळलं. मॅच कोण जिंकलं ते मला माहीत नाही."

प्रमिला इंग्रजीत बोलायला गेली आणि पहिल्याच वाक्यावर थांबली. नूरुद्दीनने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिने तो नुसता हातात धरला आणि मग सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. रुहानने मान खाली घातली होती, त्याचे केसच तेवढे दिसत होते. लाल चष्म्याच्या बाई थँक यू म्हणाल्या, आणि पुढचा प्रश्न विचारला, कारण त्यांच्यापुढे अजून प्रश्न होते.

कॉल संपल्यावर चहा झाला. प्रमिला कप दोन्ही हातांत धरून बसली होती. "माझीही ऑल गुडच म्हणते," ती म्हणाली. "तिचं शूटिंग करायला तर कुणी नाही." आणि मग ती रडली, आणि बदरुन्निसा तिच्या शेजारी सरकून बसली. भांडण मिटलं ते असं, कुणी मिटवलं नाही.

आठवड्याने निकाल आला. मुग्धाचा हेतू वाईट नव्हता, तेव्हा तिच्यावर डाग नाही, पण त्या मैदानात तिने पुन्हा पाय ठेवायचा नाही. रुहानवर फितुरीचा ठपका नाही, त्याची फी आणि काम दोन्ही राहील. मात्र यंदा तो मैदानाच्या कडेला उभा राहणार नाही, इशारे बदलण्यात येतील आणि त्याने मागे धुलाईच्या खोलीत काम करायचं. आणि तीनही मॅचचं शूटिंग जिथे कुठे असेल तिथून पुसून टाकायचं.

पुसायचं काम नूरुद्दीनने केलं. आधी तो म्हणाला, शेवटचं एकदा बघून घेऊ. बदरुन्निसा नको म्हणाली.

"निर्दोष सुटला ना पोरगा," ती म्हणाली. "मग मला चोरी केल्यासारखं का वाटतंय?"

"चोरी तर झालीच गो," नूरुद्दीन म्हणाला. "त्यांचे इशारे नसतील चोरले तू, रुहानचे चोरलेस." आणि त्याने बटण दाबलं. खलास.

पुढचा शनिवार आला. टीव्ही लावण्यात काही अर्थ नव्हता, तरी तिने लावायला सांगितला. चेंडू इकडे गेला, तिकडे गेला. एकदा कडेला गेला आणि कोपऱ्यात तीन टोप्या दिसल्या. तिन्ही परक्यांच्या. आतापर्यंत तिची तक्रार होती की कॅमेरा थांबत नाही. आता तो मेला नेमका थांबला. नूरुद्दीन मुकाट्याने उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली बंदराचे दिवे लागले होते.

फोन वाजला तेव्हा मॅच अर्ध्यावर होती. रुहान या वेळेला कधीच फोन करत नसे. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज, आणि मागे यंत्रांची घरघर.

"अम्मी," तो म्हणाला, "जेवलीस?"

जेवले म्हणाली ती. तू? ऑल गुड येईल म्हणून ती वाट बघत राहिली, पण ते आलं नाही. यंत्र फिरायचं थांबलं, दार उघडल्याचा आवाज आला, ओले टॉवेल कुठेतरी पडले.

"अम्मी, यू वेअर राइट. बाटल्यांचं." एक टॉवेल झटकल्याचा आवाज आला. "तुझ्या बसमधली ती मुलं. नाडी बांधणारी. त्यांचं तू काय करतेस?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही होतं असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

"काही नाही रे," ती म्हणाली. "मी त्यांच्या शेजारी जाऊन बसते."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. तिला वाटलं फोन कटला. तिने तो कानावरून काढून बघितला, चालू होता. मग रुहानच्या श्वासाचा आवाज आला, भरून आलेल्या नाकाचा, जसा तो लहानपणी उशीत तोंड खुपसून काढायचा. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं, आणि शेजारी जाऊन बसायला मधे अख्खा समुद्र होता.

"अम्मी, फोन ठेवू नकोस," तो म्हणाला. "मला अजून टॉवेलच्या घड्या करायच्यात."

तिने मोड्यावर जागा केली, फोन आपल्या शेजारी ठेवला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.